उजेड कोठून येतो?

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या विद्यार्थ्यांना एक नवा नाद लागला आहे. पूर्वीं स्नेहसंमेलन जवळ आलें म्हणजे नाटकाच्या तालमी सुरू होत. आतां नाटकाच्या जोडीस पांच-दहा मिनिटांचे चित्रपटही तयार होतात. वडिलांचा किंवा ताईचा मोबाइल मागून घ्यावा, चार सोबती जमवावे आणि दोन रविवारांत एखादी गोष्ट पडद्यावर आणावी, इतकें तें काम आज सुलभ झालें आहे. ह्या नादाबद्दल तक्रार करण्याचा आमचा हेतु नाहीं. गोष्ट कशी रचावी, संवाद कसे लिहावे, कोणतें वाक्य गाळावें, हें मुलें आपसांत वाद घालून शिकतात, आणि असें शिकलेलें विसरत नाहींत. परंतु हे चित्रपट सभागृहांतील पडद्यावर लागले म्हणजे एक गोष्ट डोळ्यांना खुपते. संवाद ऐकूं येतात, गाणें ऐकूं येतें, पण बोलणाऱ्याचें तोंड दिसत नाहीं. तें काळोखांत तरी असतें, किंवा चौकटीच्या एका कोपऱ्यांत लहानसें होऊन बसलेलें तरी असतें. आणि मधोमध ठसठशीत दिसतें तें भिंतीवरचें कॅलेंडर!

कारण विचारावें तर उत्तर ठरलेलें : "सर, कॅमेरा चांगला नव्हता." हें उत्तर आम्हांस पटत नाहीं. मध्यम किंमतीच्या मोबाइलमध्यें आज जी सोय आहे, ती आमच्या विद्यार्थिदशेंत पुष्कळ पैसा मोजूनही मिळाली नसती. उणीव असते ती दोन निर्णयांची. उजेड कोणत्या बाजूनें घ्यावयाचा, हा एक. आणि चौकटींत काय ठेवून काय वगळावयाचें, हा दुसरा. हे दोन्ही निर्णय यंत्र चालू करण्यापूर्वीं घ्यावयाचे असतात आणि त्यांस पैसा लागत नाहीं. त्यांविषयीं थोडें विस्तारानें लिहावें असें पुष्कळ दिवस मनांत होतें.

प्रथम डोळा आणि कॅमेरा यांतील भेद नीट समजून घेतला पाहिजे. आपण खोलींत शिरतों तेव्हां खिडकीशीं बसलेली आजी आपणांस स्पष्ट दिसते. खिडकीबाहेर लख्ख ऊन असतें, आजीचा चेहरा सांवलींत असतो, तरी दोन्ही दिसतात. कारण डोळा एका जागीं खिळून राहत नाहीं. तो खिडकीकडे वळला कीं बाहुलीचें छिद्र आकुंचन पावतें, चेहऱ्याकडे वळला कीं तें विस्तारतें, आणि ह्या सर्व तुकड्यांचें एक चित्र मन आपल्या नकळत जुळवितें. कॅमेऱ्याला सबंध चौकटीसाठीं उजेडाचें एकच माप ठरवावें लागतें. चौकटींत खिडकी मोठी असली तर तो खिडकीचें माप धरतो आणि आजी काळी पडते. आजीचें माप धरावें तर खिडकी पांढरी फटफटीत होऊन बाहेरचें झाड नाहींसें होतें. अलीकडचे मोबाइल कमी-अधिक उजेडाचीं चित्रें एकत्र करून ही अडचण थोडीबहुत सोडवितात खरे. परंतु खिडकी आणि चेहरा यांत अंतर फारच असलें तर त्यांचीही मात्रा चालत नाहीं.

ह्यामुळें हानि किती होते त्याचें एक उदाहरण देतों. एके वर्षीं मुलांनीं शाळेच्या बागेंत उभा जन्म घालविलेल्या वृद्ध माळीकाकांवर एक लहानसा चित्रपट काढला. विषय उत्तम, प्रश्नही विचारपूर्वक योजलेले. तो दाखविला त्या सायंकाळीं काकांच्या घरचीं माणसें मुद्दाम पहिल्या रांगेंत बसविलीं होतीं. सात मिनिटें काकांचा आवाज ऐकूं आला. पण मागें उन्हांत तापलेलें मैदान आणि पुढें खुर्चीवर बसलेली एक काळी आकृति, एवढेंच पडद्यावर दिसलें. त्यांची लहान नात आईला हळूच विचारीत होती, "आजोबा कधीं येणार?" मुलें ओशाळलीं. पुढच्या आठवड्यांत त्यांनीं तेंच संभाषण पुन्हा घेतलें. कॅमेरा तोच, माणूस तोच, वेळही तीच. फक्त खुर्ची उचलून अवजारांच्या खोलीच्या दारांत ठेविली, काकांचें तोंड बाहेरच्या उजेडाकडे केलें, आणि पाठीमागें खोलीचा अंधार राहूं दिला. ह्या वेळीं चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती दिसली. फेरफाराला वीस मिनिटेंही लागलीं नव्हतीं.

तेव्हां माणूस कोठें बसवावा हें ठरविण्यापूर्वीं उजेड कोठून येतो तें पाहावें. जागा बदलतां येत नसेल तर मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्याच्या ठिकाणीं बोट कांहीं वेळ दाबून धरावें. म्हणजे यंत्र चेहऱ्याचें माप घेतें आणि पुष्कळ मोबाइलांत तें माप तेथेंच कायम राहतें. असें न केल्यास पात्र जरा हललें किंवा मागून पांढरा सदरा घातलेला कोणी गेला कीं सगळें चित्र एकदम उजळतें अथवा मंदावतें, आणि प्रेक्षकांचें लक्ष गोष्टीवरून उडतें.

चित्रपटाचा पहिला दिवा सूर्य हाच होता. अमेरिकेंत न्यू जर्सी प्रांतीं एडिसनच्या कारखान्याच्या आवारांत १८९३ सालीं चित्रें घेण्यासाठीं जी काळी खोली बांधली, तिचें छप्पर उघडत असे आणि सबंध खोली वाटोळ्या रुळावर फिरवितां येत असे. सूर्य जसा सरके तशी ती फिरवावयाची. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं विलायतेहून कॅमेरा आणिला, आणि त्यानें थोड्या थोड्या वेळानें एकेक चित्र घेऊन कुंडींतील वाटाण्याचा अंकुर कसा वाढतो तें प्रथम दाखविलें. ३ मे १९१३ रोजीं मुंबईंत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला, तोही मुख्यतः उन्हाच्या भरंवशावर घेतलेला. ज्यांना आपल्याजवळ दिवे नाहींत म्हणून वाईट वाटतें, त्यांनीं हें ध्यानांत धरावें.

परंतु ऊन म्हणजे चांगला उजेड असें मात्र समजूं नये. उजेडाच्या दोन जाति आहेत. एक कठोर, दुसरा मऊ. कठोर उजेडांत सांवलीची कड सुरीनें कापल्यासारखी दिसते. मऊ उजेडांत सांवली कोठें सुरू झाली आणि कोठें संपली तें कळत नाहीं. हा भेद दिव्याच्या तेजावर अवलंबून नसून दिवा केवढा दिसतो त्यावर अवलंबून आहे. सूर्य प्रचंड खरा, पण तो इतका दूर आहे कीं आपल्या चेहऱ्याच्या दृष्टीनें तो एक टिकली होय. म्हणून त्याची सांवली तीक्ष्ण पडते. त्याच सूर्यापुढें आषाढांतील ढग आला म्हणजे सगळें आकाश हाच एक दिवा होतो, आणि उजेड चहूंकडून येऊन सांवल्या विरघळतात. एप्रिलच्या दुपारीं बारा वाजतां मैदानांत उभ्या केलेल्या मुलाच्या भुंवयांखालीं दोन काळे खळगे दिसतात. तोच मुलगा ढगाळ दिवशीं त्याच जागीं उभा केला तर त्याचे डोळे दिसतात. पावसाळ्यांत चित्रपट काढतां येत नाहीं म्हणून हळहळणाऱ्यांनीं उघडीप असलेला एखादा श्रावणांतील दिवस अवश्य वापरून पाहावा. वर्षांतील उत्तम दिवा तो, आणि फुकट.

मऊ उजेड मुद्दाम कसा निर्माण करावा ह्याचा एक प्रसिद्ध दाखला आमच्या देशांतच घडला. सत्यजित राय यांचा 'अपराजित' हा बंगाली चित्रपट १९५६ सालीं निघाला. त्यांतील काशीच्या घराचें अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओंत उभारलेलें होतें. चहूंकडे उंच भिंती आणि वर मोकळें आकाश, अशा अंगणांत उजेड वरून झिरपतो. तो कोठल्याच एका बाजूनें येत नाहीं. स्टुडिओंतील दिवे पात्रांवर सरळ सोडले असते तर प्रत्येकाच्या मागें चार-चार सांवल्या पडल्या असत्या आणि तें घर काशींतलें आहे हें कोणासही खरें वाटलें नसतें. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनीं अंगणावर एक मोठें पांढरें कापड ताणून बसविलें, दिवे खालून त्या कापडावर रोखले, आणि कापडावरून परतलेल्या उजेडांत चित्रण केलें. कापडाचें आकाश झालें. हेच मित्र 'पथेर पांचाली' हातीं घेतला तेव्हां एकवीस-बावीस वर्षांचे होते आणि चलच्चित्राचा कॅमेरा त्यांनीं तोंवर चालविलेला नव्हता. आमच्या अकरावीच्या विद्यार्थ्यांत व त्यांच्यांत वयाचें अंतर चार-पांच वर्षांचेंच!

हीच युक्ति घरीं करावयाची तर खिडकी, पांढरी चादर आणि एक मदतनीस एवढें पुरे. ज्या खिडकींतून ऊन सरळ आंत येत नाहीं पण आकाश दिसतें अशी खिडकी निवडावी. बोलणाऱ्याला खिडकीपासून दोन-तीन हातांवर असें बसवावें कीं उजेड त्याच्या एका गालावर तिरपा पडेल. उजेड अगदीं समोरून आला तर तोंड थाळीसारखें सपाट दिसतें; अगदीं बाजूनें आला तर अर्धें तोंड नाहींसें होतें; तिरपा आला म्हणजे नाक, गाल, हनुवटी यांचे उंचवटे उठून दिसतात. मग सांवलीच्या बाजूस मदतनिसानें चादर धरून उभें राहावें. चादर जवळ आणावी तशी सांवली फिकी होते, दूर न्यावी तशी गडद होते. चादरीऐवजीं थर्माकोलचा तक्ता, तक्तपोशीवरचा पांढरा कागद, फार काय, पांढरा सदरा घालून शेजारीं उभा राहिलेला मित्रही चालतो. ही गोष्ट सांगून समजत नाहीं. एकदां करून पाहिली कीं मुलें आश्चर्यानें ओरडतात.

दिवा वापरावयाचा असेल तर त्याच्या अंतराचा हिशेब ठेवावा. शास्त्राच्या तासाला तुम्ही शिकलां आहां कीं अंतर दुप्पट केलें म्हणजे उजेड चौथाई होतो, तिप्पट केलें म्हणजे नववा हिस्सा. परीक्षेंत लिहिण्यापलीकडे ह्या नियमाचा उपयोग काय असें पुष्कळांना वाटतें. उपयोग असा : दिवा पात्रापासून एक मीटर आणि भिंत दिव्यापासून तीन मीटर असेल, तर पात्राच्या मानानें भिंतीवर नववा हिस्साच उजेड पडेल, म्हणजे भिंत काळोखांत जाऊन पात्र वेगळें उठून दिसेल. भिंतही दिसावयास हवी असेल तर दिवा दूर न्यावा. मग दोहोंवरील उजेडांतला फरक कमी होतो. एकच दिवा सरकवून रात्रीची एकाकी खोली आणि कुटुंबानें गजबजलेली खोली, असे दोन्ही देखावे करतां येतात.

आरशाचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. 'कागज के फूल' (१९५९) ह्या गुरुदत्त यांच्या चित्रपटांत अंधाऱ्या स्टुडिओंत वरून खालीं उतरणारा उजेडाचा जो एक सबंध खांब दिसतो, तो कोणत्याही दिव्याचा नाहीं. छायाचित्रकार व्ही. के. मूर्ति यांनीं दोन मोठे आरसे घेतले. एकानें बाहेरचें ऊन पकडून दुसऱ्याकडे धाडलें आणि दुसऱ्यानें तें आंत उतरविलें. खोलींत किंचित् धूळ किंवा धूर असल्याशिवाय असा झोत दिसत नाहीं हें मात्र लक्षांत असावें. आणि आरशानें ऊन कोणाच्या डोळ्यांवर पाडूं नये, हेंही सांगून ठेवतों. मुलें तीं मुलेंच.

रंगाचा विचार थोडक्यांत करूं. डोळ्याला पांढरा कागद सकाळीं, दुपारीं, बल्बखालीं, सर्वत्र पांढराच दिसतो. कॅमेऱ्याला तसा दिसत नाहीं. उजेडाचा रंग केल्विन ह्या मापांत मोजतात. मेणबत्तीचा सुमारें १९००, पिवळ्या बल्बचा २७०० ते ३०००, दुपारच्या उन्हाचा साधारण ५५००, आणि आपल्या घरांत सर्रास असणाऱ्या पांढऱ्या ट्यूबलाइटचा ६५०० च्या आसपास. आंकडा लहान तितका उजेड तांबूस, मोठा तितका निळसर. एका बाजूनें खिडकी आणि दुसऱ्या बाजूनें पिवळा बल्ब असला तर एक गाल निळा आणि दुसरा नारिंगी होतो. म्हणून दोहोंपैकीं एक बंद करावा. दुसरें असें कीं आपल्याकडील वीज सेकंदास पन्नास आवर्तनांची असल्यामुळें कांहीं दिवे सेकंदास शंभर वेळां लुकलुकतात. डोळ्याला तें कळत नाहीं, चित्रांत मात्र आडवे पट्टे सरकतांना दिसतात. मोबाइलमध्यें सोय असेल तर प्रत्येक चित्राचा काळ सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागाइतका ठेवावा, म्हणजे पट्टे जातात.

आतां ज्या गोष्टीसाठीं आम्ही हा लेख लिहावयास बसलों तीकडे वळतों. आमच्या वर्गांत बहुतेक मुलामुलींचा वर्ण सांवळा किंवा काळा आहे, आणि कॅमेऱ्यानें ह्या वर्णाशीं दीर्घकाळ न्यायानें वर्तन केलेलें नाहीं. रंगीत फिल्मचा जमाना होता तेव्हां छापखान्यांतील रंग बरोबर आहेत कीं नाहींत हें ताडून पाहण्यासाठीं कोडॅक कंपनी एका गोऱ्या स्त्रीचें चित्र असलेलें पत्रक पुरवीत असे. १९५० नंतरच्या दशकांत सुरू झालेल्या ह्या पत्रकांना त्यांतील पहिल्या स्त्रीच्या नांवावरून 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची कांति ठीक उतरली म्हणजे सर्व ठीक, असा हिशेब. कॅनडांतील विदुषी लॉर्ना रॉथ यांनीं ह्या प्रकरणाचा शोध घेतला आहे. त्यांच्या लेखनांत असें आढळतें कीं तपकिरी छटा नीट उतरत नाहींत ही तक्रार कंपनीच्या कानीं गेली ती चॉकलेटचे व लाकडी सामानाचे फोटो काढविणाऱ्या व्यापाऱ्यांकडून. माणसांच्या चेहऱ्यांपेक्षां मेज-कपाटांची दाद आधीं लागली!

आज फिल्म गेली. पण पुष्कळ मोबाइलांत चेहरा 'सुंदर' करण्याची म्हणून एक करामत असते, आणि ती सुंदर करते म्हणजे काय करते, तर वर्ण उजळते आणि कातडी पुसून गुळगुळीत करते. आमच्या एका विद्यार्थिनीनें आपल्या आईवर केलेला चित्रपट आम्हांस दाखविला, तेव्हां पडद्यावर एक अनोळखी, पिठूळ चेहऱ्याची बाई बोलत होती. शेतांत राबून मिळविलेला तो रंग, डोळ्यांभोंवतीं उन्हानें पाडलेल्या त्या रेघा, सर्व त्या करामतीनें खरवडून टाकलें होतें. आईची गोष्ट सांगावयाची आणि आईचें तोंड बदलावयाचें, हें कसें? चित्रण सुरू करण्यापूर्वीं ती करामत शोधून बंद करावी, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.

काळ्या-सांवळ्या चेहऱ्याला अधिक उजेड मारला म्हणजे झालें, ही समजूतही टाकून द्यावी. पहिली काळजी पाठीमागच्या भिंतीची. भिंत पांढरी असली कीं यंत्र तिचें माप धरून सबंध चित्र मंद करतें आणि चेहरा आणखी बुडतो. त्याऐवजीं मातकट, हिरवी, निळी अशी मध्यम रंगाची पार्श्वभूमि घ्यावी, किंवा सांवलींतील जागा घ्यावी. दुसरी गोष्ट अशी कीं गडद त्वचेचें सौंदर्य तिच्या तकाकींत असतें. लहान दिवा तिच्यावर टिंबाएवढी चमक उमटवितो. मोठी खिडकी किंवा मोठी चादर गालावर, कपाळावर रुंद, सौम्य झळाळी पसरविते आणि त्या झळाळीनेंच चेहऱ्याची घडण कळते. म्हणून दिवा तेजस्वी करण्यापेक्षां मोठा करावा. दोन भिन्न वर्णांचीं पात्रें एका चौकटींत असतील तर सांवळ्या पात्राला खिडकीजवळ बसवावें आणि गोऱ्याला थोडें मागें. हें सांगतांना कोणाच्या मनास लागेल असें बोलूं नये. "तूं इकडे बैस" एवढें पुरतें.

उजेड साधला म्हणजे चौकटीचें काम अर्धें होतें, कारण प्रेक्षकाची नजर आपोआप उजळ भागाकडे जाते. राहिलेलें अर्धें काम म्हणजे वगळणें. नाटकांत रंगमंच जेवढा असतो तेवढा सगळा दिसतो. चित्रपटांत दिग्दर्शक जेवढें दाखवील तेवढेंच जग. तेव्हां चित्र घेण्यापूर्वीं चौकटीच्या चारही कडांवरून एकदां डोळा फिरवावा. कॅलेंडर, लोंबणारी वायर, प्लॅस्टिकची बादली, डोक्यांतून उगवल्यासारखा दिसणारा खांब, ह्यांपैकीं ज्याचें गोष्टींत काम नाहीं तें काढावें, किंवा आपण दोन पावलें सरकावें. बादली गोष्टींतली असेल तर राहूं द्यावी, तीही नीट दिसेल अशी.

चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग कल्पून मुख्य वस्तु त्या रेषांवर ठेवावी, असा एक नियम पुष्कळांनीं ऐकलेला असतो, आणि मोबाइलमध्यें त्या रेषा दाखविण्याची सोयही असते. हा नियम कॅमेऱ्याहून जुना आहे. जॉन टॉमस स्मिथ नांवाच्या इंग्रज चित्रकारानें १७९७ सालीं निसर्गचित्रांविषयीं लिहितांना तो मांडला. आरंभीं तो पाळावा, कारण नवशिक्याची खोड अशी कीं तो नाक बरोबर मध्यावर ठेवतो आणि डोक्यावर अर्धी चौकट छत दाखवितो. डोळे वरच्या तिसऱ्या भागाच्या रेषेवर आले कीं हा दोष जातो. पात्र ज्या बाजूस पाहत असेल त्या बाजूस अधिक जागा सोडावी. नाहीं तर तें भिंतीला नाक लावून बोलत आहे असें वाटतें. परंतु नियमाचें ओझें वाहूं नये. न्यायाधीश, मुख्याध्यापक, किंवा देव्हाऱ्यासमोर बसलेली म्हातारी मधोमधच शोभते.

कॅमेरा किती उंचीवर असावा ह्याकडे मुलें क्वचितच लक्ष देतात. मोबाइल उभ्या माणसाच्या छातीशीं धरावयाचा ही संवय. त्यामुळें जमिनीवर बसून भाजी निवडणारी आजी वरून दिसते, आणि वरून पाहिलेला माणूस लहान व केविलवाणा भासतो. तिच्याशीं बोलावयाचें तर आपणही मांडी घालून बसावें. उलट, खालून पाहिलेला माणूस मोठा व दरारायुक्त दिसतो. 'सिटिझन केन' (१९४१) ह्या अमेरिकन चित्रपटांत छायाचित्रकार ग्रेग टोलंड यांनीं कॅमेरा इतका खालीं नेला कीं एरव्हीं न दिसणारें छत दिसूं लागलें, आणि त्यासाठीं खोल्यांना कापडाचीं छतें बसवावीं लागलीं. उंची ही अशी बोलते. ती कशाला बोलवावी हें आपण ठरवावें.

चेहरा मोठा दिसावा म्हणून मोबाइल तोंडाशीं एक हातावर नेऊं नये. नाक फुगतें आणि कान मागें पळतात. चार-पांच हात मागें सरून मोबाइलांतील दूरची कांच असल्यास ती वापरावी. पडद्यावर दोन बोटें ताणून चित्र फार मोठें केलें तर तें पिंजलेल्या कापसासारखें होतें. सभागृहांतील पडदा आडवा आहे; त्यावर दाखवावयाचें तर मोबाइलही आडवाच धरावा.

दोघांचें संभाषण घेतांना आणखी एक पथ्य आहे. कबड्डीचा सामना तुम्ही एका बाजूनें पाहत आहां. चढाई करणारा गडी डावीकडून उजवीकडे जातो. मध्येंच उठून मैदानाच्या पलीकडे जाऊन बसलां तर तोच गडी उजवीकडून डावीकडे जातांना दिसेल, आणि तो चढाई करतो आहे कीं परत येतो आहे हें क्षणभर कळणार नाहीं. दोन बोलणाऱ्यांमध्यें अशीच एक रेषा असते. तिच्या एकाच अंगास राहून चित्रें घ्यावीं, म्हणजे दोघे एकमेकांकडे पाहत आहेत असें वाटतें. रेषा ओलांडली कीं दोघेही एकाच दिशेस पाहूं लागतात.

हें सर्व ऐन वेळीं आठवत नाहीं, म्हणून आधीं कागदावर चौकटी काढून त्यांत चित्रें रेखाटावीं. राय यांनीं 'पथेर पांचाली'ची गोष्ट अशीच चित्रांनीं वहींत उतरविली होती. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर, ज्यांनीं स्वतः कॅमेरा तयार करून १९२० सालीं 'सैरंध्री' हा मूकपट काढला, ते तर मूळचे नाटकाचे पडदे रंगविणारे चित्रकार. तुमचें चित्र वांकडें आलें तरी चालेल. माणूस गोल आणि खिडकी चौकोन एवढें कळलें म्हणजे झालें. त्यांत उजेडाचा बाण काढावयास मात्र विसरूं नये.

ज्यांना येत्या संमेलनासाठीं चित्रपट काढावयाचा आहे त्यांनीं आधीं एवढें करून आणावें. एक खोली, एक खिडकी, एक खुर्ची, घरांतील एक माणूस. त्याला आपल्या कामाविषयीं दोन वाक्यें बोलावयास सांगावें आणि तींच दोन वाक्यें चार ठिकाणांहून घ्यावीं : खिडकी पाठीशीं, खिडकी समोर, खिडकी तिरपी, आणि खिडकी तिरपी असून दुसऱ्या बाजूस चादर. प्रत्येक शॉट मनांत दहा अंक मोजेपर्यंत स्थिर ठेवावा; हात कांपत असतील तर मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवावा. सकाळीं नऊला एकदां आणि सायंकाळीं पांचला पुन्हा. अशीं आठ चित्रें घेऊन शनिवारीं शाळा सुटल्यावर सभागृहांत यावें; तीं मोठ्या पडद्यावर लावून शेवटच्या रांगेंतून पाहूं. पांढरी चादर, थर्माकोलचे दोन तक्ते आणि मोबाइल बसविण्याची तिपाई प्रयोगशाळेच्या कपाटांत ठेविली आहे. नेतांना वहींत नांव लिहावें, आणि चादर परत आणतांना धुऊन आणावी.